धुक्यात झालेला गोल आणि मी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक हसतात. कुणाला मी चहाच्या गाळणीसारखा वाटतो, तर कुणाला दाढी करण्याच्या जुन्या यंत्रासारखा. खाली हातात धरायला मूठ, वर जाळीची छोटी पेटी आणि पेटीच्या पुढे एक आडवी पट्टी, एवढाच माझा देह. बोलणाऱ्याने ती पट्टी आपल्या वरच्या ओठाला टेकवायची आणि बोलायला लागायचे. मी मायक्रोफोन आहे. मैदानात बसून खेळाचे वर्णन करणाऱ्या समालोचकांसाठी मला घडवले गेले. वयाने जुना झालो आहे, पण अजून कामावर आहे, आणि याचा मला फार आनंद वाटतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई भिंगातून पाहत काम करायच्या. त्यांनी चिमट्याने एक धातूची फीत उचलली, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ, आणि माझ्या पोटातल्या दोन चुंबकांच्या मधोमध अलगद टांगली. ती फीत म्हणजे माझा कान. ओठाजवळचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो, पण चार हातांवर कुणी ढोल बडवला तरी मी तो फारसा मनावर घेत नाही. हा माझा स्वभावच आहे. हजारो माणसे ओरडत असताना एकाच माणसाचे ऐकायचे, यासाठी मला जन्माला घातले गेले.

तिथून मी जहाजाने कॅनडाला गेलो. एका लहान शहरातल्या रेडिओ केंद्राने मला घेतले होते. त्या शहरात सहा महिने बर्फ असायचा आणि लोकांना एकच वेड होते, आइस हॉकीचे. मित्रांनो, हा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. मोठ्या दालनात बर्फाचे मैदान असते. त्याच्या कडेने कमरेएवढ्या फळ्या असतात. दोन्ही बाजूंना पाच पाच खेळाडू आणि एक एक गोलरक्षक, सगळ्यांच्या बुटांना धारदार पाती. चेंडूच्या जागी रबराची काळी, जाड चकती असते, तिला पक म्हणतात. ती पक काठीने मारली की अशी सुटते की बघणाऱ्याची मान दुखते. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात, आणि खेळाडू पळत नाहीत, उडतात असेच म्हणावे लागेल.

तिथे बर्ट नावाचे समालोचक मला ओठाशी धरायचे. ते कधी खुर्चीत बसले नाहीत. सामना सुरू झाला की उभे राहायचे, आणि संपला की मगच त्यांना आपले पाय दुखतात हे आठवायचे. ते बोलू लागले की दूरदूरच्या वस्त्यांमध्ये, लाकडाच्या गिरण्यांमध्ये, रस्त्यावरच्या ट्रकमध्ये लोक कान टवकारून बसायचे. एकदा एका आजीबाईंचे पत्र आले. त्यांच्या गावात वादळाने चार दिवस वीज नव्हती. त्यांनी लिहिले होते, "बॅटरीच्या रेडिओवर आम्ही सगळ्यांनी मिळून कालचा सामना पाहिला." बर्टनी ते पत्र मोठ्याने वाचले आणि 'पाहिला' या शब्दावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवले. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

अशी बावीस वर्षे गेली. मग बर्ट निवृत्त झाले. नवे समालोचक डोक्याला अडकवायचे हलके हेडफोन घेऊन आले. त्यांच्या मायक्रोफोनची दांडी आपोआप तोंडासमोर यायची, हात मोकळे राहायचे. त्यांचे काही चुकले नाही. पण माझी रवानगी एका खोक्यात झाली, आणि पुढे ते खोके इतर जुन्या सामानाबरोबर विकले गेले. समुद्र ओलांडून मी पोहोचलो तो थेट सौदी अरेबियात, रियाधमध्ये. प्रसारणाचे सामान भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात मला जागा मिळाली. बर्फातून निघून मी वाळूत आलो होतो.

सुरुवातीला तिथेही मजा आली. उंटांच्या शर्यतीत एका अरबी समालोचकांनी मला ओठाशी धरले होते. धावणाऱ्या उंटांच्या बाजूने त्यांची गाडी पळत होती आणि ते गाडीतून उंटांची नावे एखाद्या कवितेसारखी म्हणत होते. फुटबॉलचे सामनेही मी केले. पण एक दिवस घात झाला. एका समारंभात कुणीतरी मला उचलले, तोंडापाशी धरले आणि मी चालू आहे की नाही हे बघायला जोरात फुंकर मारली. फू, फू! एकदा, दोनदा. तिसऱ्या फुंकरीला माझी फीत तुटली. मित्रांनो, मायक्रोफोन चालू आहे की नाही हे बघायचे असेल तर आपले नाव सांगा, हवे तर एखादे गाणे म्हणा, पण फुंकर मारू नका. आम्ही काही मेणबत्त्या नाही.

माझ्या मुठीवर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटली. फळीवर सहा वर्षे पडून राहिलो. धूळ बसली. शेजारच्या खोक्यातली सामग्री येत जात राहिली. एवढ्या वर्षांत कुणी एक शब्द माझ्याशी बोलला नाही. ज्याचा जन्मच ऐकण्यासाठी झाला आहे त्याला शांततेचा किती त्रास होतो हे मी तुम्हाला कसे सांगू!

मग हुसेनमियाँ आले.

ते त्याच कंपनीत आवाजाचे तंत्रज्ञ होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचे. बोटीवर जायचे सोडून तरुणपणी सौदीला आले, आणि आता त्यांना एकतीस वर्षे झाली होती. गुडघे कुरकुरत होते, इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती आणि या खेपेला तो नवा करायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. कायमचे घरी जायचे. जाण्याआधी गोदामातल्या सामानाची यादी करायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी मला उचलले, सदऱ्याच्या टोकाने पुसले, 'निकामी' ही चिठ्ठी वाचली आणि हसले.

"निकामी म्हणे! अरे, तुला कोणी विचारलं तरी काय, काय होतंय म्हणून?"

सहा वर्षांनी मी ऐकलेले, म्हणजे माझ्या तुटक्या कानाने ओळखलेले, ते पहिले शब्द. त्यांनी कुठून तरी नवी फीत मागवली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पंखा बंद करून, श्वास रोखून, चिमट्याने ती माझ्या पोटात बसवली. तीनदा ती वाकडी बसली, तीनदा त्यांनी ती काढली. चौथ्यांदा त्यांनी मला ओठाशी धरले आणि म्हणाले, "अस्सलाम आलेकुम, हर्णै बंदर!" समोरच्या यंत्राचा काटा टुणकन उडाला. हुसेनमियाँ साठ वर्षांचे होते, पण त्या वेळी त्यांनी जी उडी मारली ती पाहून त्यांचे गुडघेसुद्धा चकित झाले असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली. तांबड्या समुद्राच्या काठावर किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी नावाचे नवे शहर आहे. तिथल्या एका मोठ्या दालनात बर्फाचे मैदान तयार होणार होते आणि आइस हॉकीच्या चार व्यावसायिक संघांची मालिका रंगणार होती. खेळाडू बहुतेक कॅनडा, स्वीडन अशा थंड देशांतले, पण प्रत्येक संघात दोन तीन सौदी तरुणही होते. सामने टीव्हीवर दाखवायचे आणि मोबाइलवर रेडिओसारखे ऐकवायचेही होते. समालोचन अरबीतून, आणि प्रयोग म्हणून हिंदीतूनही, कारण या देशात हिंदी समजणारे लाखो लोक राहतात.

हुसेनमियाँनी सामान बांधताना मला आपल्या पिशवीत ठेवले. "राखीव म्हणून ने," त्यांनी स्वतःलाच सांगितले. आइस हॉकी! माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

पण तिथे पोहोचल्यावर कळले की हिंदी समालोचकांचा व्हिसा अडकला आहे. प्रसारणाचे प्रमुख सिराजुद्दीन हे हैदराबादचे, मोठ्या घाईचे गृहस्थ. त्यांनी हात झटकले. "हिंदी का मामला खलास, हुसेनभाई. दो दिन में मैं आइस हॉकी जाननेवाला कहाँ से लाऊँ? आसमान से?"

त्याच दुपारी सरावाचे खेळ चालू होते आणि हुसेनमियाँ प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली बसून तारा चिकटवत होते. मी त्यांच्या पिशवीतून डोके बाहेर काढून बर्फाकडे बघत होतो. वरच्या खुर्चीत एक बाई मांडीवर जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. घास हातातच राहिला होता आणि त्या बर्फावरच्या खेळाडूंना बजावत होत्या, "अरे, फळीला चिकटून काय राहिलास! मधे ये, मधे! आता बघ, तो डावीकडे मारणार. मारलीच! सांगत होते ना!"

खुर्चीखालून हुसेनमियाँचे डोके वर आले. बाई दचकल्या.

"तुमी रत्नागिरीकडच्या काय?"

"नाही हो, कराडची. पण शाळा लेहला झाली. वडील लष्करात होते, सिग्नल्समध्ये."

"आनि ह्यो खेळ?"

"तिथे हिवाळ्यात तळं गोठतं. सगळे खेळायचे. मी गोलरक्षक होते. लष्कराचे जुने पॅड बांधून उभी राहायचे, माझ्यापेक्षा पॅडच मोठे होते."

त्यांचे नाव आसावरी. त्या शहराच्या बंदरात नोकरी करायच्या. कुठल्या जहाजावर कुठला माल चढवायचा याच्या याद्या करणे हे त्यांचे काम. लेह सोडल्यापासून वीस वर्षांत त्या या खेळाबद्दल कुणाशी बोलल्या नव्हत्या, कारण बोलायचे कुणाशी हाच प्रश्न होता.

"तुमी हिंदीत बोलाल काय हे सगळं? टीव्हीवर?" हुसेनमियाँनी विचारले.

"मी? छे हो! मी दिवसभर याद्या करणारी बाई. मला कुठे येतं बोलता?"

"मग आत्ता बोलत होत्या त्या कोण होत्या?"

आसावरीताई हसल्या, आणि हसताना त्यांच्या हातातला घास एकदाचा तोंडात गेला. तासाभराने त्या सिराजुद्दीन यांच्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटे आसावरीताईंचे बोलणे ऐकले आणि वर बघून म्हणाले, "वाह, आसमान से ही आई!" पण लगेच त्यांनी बोट उगारले. "मैडम, ऊपरवाले पूछ रहे हैं कि हिंदी की ज़रूरत क्या है. फाइनल तक लोग सुनते रहे तो अगले साल भी हिंदी होगी. नहीं तो बंद."

पहिल्या सामन्याला आसावरीताई वरच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसल्या. मला हुसेनमियाँनी खोलीतल्या खुंटीवर राखीव म्हणून टांगले होते. तिथून मला सगळे दिसत होते. खेळ सुरू झाला आणि आसावरीताई घाबरल्या. कागदावर लिहून आणलेली माहिती त्या एका सुरात वाचू लागल्या. कुठला खेळाडू कुठल्या देशाचा, त्याचे वजन किती, उंची किती. खाली पक विजेसारखी फिरत होती आणि वर वजने सांगितली जात होती. कानातून सिराजुद्दीन यांचा आवाज आला, "मैडम, आप मैच बता रही हैं या खबरें पढ़ रही हैं?"

मध्यंतराला त्यांचे डोळे भरून आले. हुसेनमियाँनी त्यांच्यापुढे काळा चहा ठेवला, पुदिन्याचे पान घातलेला.

"ताई, माजी बायको आबिदा हर्णैला आहे. तिने बर्फ बघितलाय तो फक्त मच्छीच्या पेटीतला. तिला सांगताय असं समजा. मी तिला सांगितलंय ऐक म्हणून, ती फोन घेऊन बसली आहे. तिला काय कळणार वजन नि उंची?"

आसावरीताईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या डावात त्या बोलल्या ते असे, "भाभी, कैरम बोर्ड पर पाउडर ज़्यादा हो जाए तो गोटी कैसे फिसलती है? बस, यह पक वैसे ही भाग रही है!" आणि कोपऱ्यात सहा खेळाडू पकसाठी धक्काबुक्की करू लागले तेव्हा म्हणाल्या, "बंदर पर मछली की नीलामी लगी है और सबको एक ही टोकरी चाहिए!" हुसेनमियाँनी खोलीच्या कोपऱ्यात तोंडावर हात दाबून हसू आवरले. उत्साहाच्या भरात मधूनच मराठीही निसटत होती. "अगं बाई, वाचलो!" असे त्या म्हणाल्या आणि लगेच हिंदीत माफीही मागितली.

माफीची काहीच गरज नव्हती. रास तनुरा या तेलाच्या बंदरावरून तुकाराम नावाच्या वेल्डरचा संदेश आला, तोही मराठीत. "ताई, आमच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेटवाले गप्प बसलेत. आम्हाला नियम कळत नाहीत, पण सोंगटी कुठे गेली ते असंच ओरडून सांगत राहा." तबूकच्या एका बांधकामावरून, जिद्द्याच्या एका दवाखान्यातून असे निरोप येत गेले. दुसरा सामना झाला, तिसरा झाला. मी खुंटीवरून सगळे ऐकत होतो. खरे सांगतो मित्रांनो, मला थोडे वाईटही वाटत होते. एवढ्या जवळ आइस हॉकी, एवढा छान आवाज, आणि मी नुसता टांगलेला. पण त्यांचे चांगले चालले आहे यातच मी समाधान मानत होतो.

अंतिम सामना शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर सुरू झाला. तबूकचा शाहीन संघ एकीकडे आणि समुद्रकाठचा मर्जान संघ दुसरीकडे. दालन माणसांनी फुलून गेले होते. तबूकहून बसगाड्या भरून आलेले लोक खालच्या रांगेत दफ, म्हणजे आपल्या डफासारखे वाद्य, वाजवत होते. दोन डाव संपले तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन दोन गोल झाले होते.

दुसऱ्या मध्यंतरात नेहमीप्रमाणे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरली. बर्फाचा चुरा बाहेर टाकून ती परत आली आणि तिच्यामागचे मोठे शटर अर्ध्यावर अडकले. खाली येईना, वर जाईना. बाहेर समुद्राची गरम, दमट हवा होती. ती आत शिरली, थंड बर्फाला भेटली, आणि मैदानावर धुके उठले.

तिसरा डाव सुरू झाला तेव्हा ते घोट्यापर्यंत होते, मग गुडघ्यापर्यंत आले, मग छातीपर्यंत. वरून पाहिले तर दुधाने भरलेली परात दिसत होती आणि त्यात खेळाडूंची डोकी तरंगत होती. पंचांनी खेळ थांबवला. दोन्ही संघांचे खेळाडू गोल गोल फिरून धुके हटवू लागले. थोडे हटले, पुन्हा भरले. शटरशी माणसे झटत होती. पंचांनी खाली उतरून पाहिले आणि ठरवले की खेळाडूंना जवळून पक दिसते आहे, खेळ चालू राहील. शेवटची आठ मिनिटे उरली होती.

पण कॅमेरे सगळे उंचावर होते. टीव्हीच्या पडद्यावर नुसते पांढरे दिसत होते. वरच्या खोलीतून आसावरीताईंनाही काही दिसेना, शेजारच्या खोलीतल्या अरबी समालोचकांनाही दिसेना.

"सब सफेद है!" सिराजुद्दीन कानात ओरडत होते. "फाइनल है और मेरे पास दिखाने को कुछ नहीं! मैडम, कुछ बोलिए!"

"दिसतच नाही तर काय बोलू?" आसावरीताई उठून उभ्या राहिल्या. "हुसेनभाई, मला खाली जायचंय. फळीपाशी. तिथून दिसेल."

त्या हेडफोन घेऊन खाली धावल्या. दोन्ही संघांच्या बाकांच्या मधे फळीला लागून एक अरुंद जागा होती, तिथे उभ्या राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. मागेच तबूकचे दफवाले होते. हेडफोनच्या मायक्रोफोनमध्ये दफ, आरडाओरडा, बाकावरच्या खेळाडूंच्या हाका, सगळे एकदम घुसले. सिराजुद्दीन यांना ऐकू आला तो फक्त गोंगाट. "कुछ समझ नहीं आ रहा! बंद करना पड़ेगा!"

हुसेनमियाँनी खुंटीकडे पाहिले.

त्यांनी मला उतरवले, तारेचे भेंडोळे खांद्यावर टाकले आणि जिन्यावरून खाली निघाले. एकेका पायरीला त्यांचे गुडघे कळवळत होते हे मला त्यांच्या मुठीतून कळत होते, पण ते थांबले नाहीत. मागे तार सुटत होती. फळीशी पोहोचून त्यांनी मला आसावरीताईंच्या हातात दिले. "ओठाला टेकवा. घट्ट. आनि फुंकू नका, नवी फीत आहे!" मग गळ्यातला रुमाल काढून, धुक्याचा ओलावा मला लागू नये म्हणून, त्यांनी तो माझ्यावर छत्रीसारखा धरला.

आसावरीताईंनी मला ओठाशी धरले. इतक्या वर्षांनी माझ्याशी कुणीतरी आइस हॉकी बोलणार होते. दफ मागे सरला. गर्दी मागे सरली. उरला एकच आवाज.

"मैं बर्फ से दो हाथ दूर खड़ी हूँ. आपको सफेद दिख रहा है, मुझे खेल दिख रहा है. सुनिए!"

"हाँ! साफ आवाज़! एकदम साफ!" कानात सिराजुद्दीन जवळजवळ रडले. "बोलती रहिए!"

आणि त्या बोलत राहिल्या. धुक्यावर दिसणाऱ्या खांद्यांवरून, जर्सीच्या आकड्यांवरून, बर्फ कापणाऱ्या पात्यांच्या आवाजावरून त्या सामना सांगत होत्या. पक फळीला लागली तर धप्प, काठीला लागली तर टक्. त्यांना सगळे ओळखू येत होते. वर अरबी समालोचकांनी आपल्या कानाला त्यांचाच आवाज लावून घेतला होता. त्यांच्या गाडीचा चालक बिहारचा, त्यामुळे त्यांना कामापुरती हिंदी येत होती. आसावरीताई 'सत्रह नंबर' म्हणाल्या की ते अरबीत सतरा म्हणायचे. एका बाईच्या डोळ्यांनी दोन भाषांमधले लोक सामना बघत होते.

शेवटचे दीड मिनिट. सतरा नंबरची जर्सी नवाफची होती. तो तबूकचा सौदी तरुण, एका मॉलमधल्या छोट्या बर्फावर स्केटिंग शिकलेला. पक त्याच्याकडे आली. दफवाल्यांना काही दिसत नव्हते, म्हणून ऐकण्यासाठी त्यांनी दफ थांबवला. सगळे दालन गप्प झाले.

"नवाफ़ गोल के पीछे घूमा... गोलकीपर का बायाँ कंधा नीचे गया... अरे, दाहिनी तरफ जगह खुली है, मारो, मारो..."

टण्ण! पक लोखंडी खांबाला लागली.

कुणालाच कळले नाही ती आत गेली की बाहेर. एक क्षण आसावरीताई गप्प राहिल्या. त्या ऐकत होत्या. खांबाला लागून बाहेर आली असती तर पक पुन्हा बर्फावर खरखरली असती. ती खरखरली नाही. लेहच्या तळ्यावर त्यांनी हे किती वेळा आपल्या पाठीमागे अनुभवले होते. जाळ्यात शिरलेली पक आवाज करत नाही.

"गोल! गोल है! अगं आई गं, घुसली! जाळ्यात घुसली! नवाफ़ ने गोल कर दिया!"

त्यानंतर गोलामागचा दिवा लागला. टीव्हीच्या पांढऱ्या पडद्यावर लोकांना दिसला तो एक लाल ठिपका, धुक्यात हळूहळू पसरणारा. पण तोवर हर्णैपासून रास तनुरापर्यंत सगळ्यांना कळलेले होते. दफ असा कडाडला की माझ्यासारख्यालाही तो ऐकू आला. नवाफ धुक्यात दोन्ही हात वर करून फिरत होता आणि त्याचे फक्त हात दिसत होते. हुसेनमियाँनी माझ्यावर धरलेला रुमालच हवेत उडवला!

सामना शाहीनने तीन दोनने जिंकला. शटर शेवटी खाली आले ते बक्षीस समारंभ सुरू झाल्यावर. तेव्हा त्या शटरसाठीही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने हुसेनमियाँच्या फोनवर आबिदाभाभींचा फोन आला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, एकतीस वर्सं तुमी सांगताव की मी आवाज सांभाळतो. मना वाटायचं, आवाज काय सांभाळायचा, ती काय म्हस आहे? आज समजलं."

"मी तर एक शब्द बोललो नाय गो."

"तुमी बोलला नाय म्हणून तर ती बाई ऐकायला आली."

हुसेनमियाँनी फोन खिशात ठेवला आणि जिन्यावरची तार गुंडाळायला घेतली. सिराजुद्दीन यांनी येऊन आधी त्यांना मिठी मारली, मग आसावरीताईंना हात जोडले आणि शेवटी मलाही एक सलाम ठोकला. "अगले साल हिंदी पक्की! और मैडम, बीच बीच में वह मराठी भी पक्की. रास तनुरावाले पूछ रहे हैं."

महिन्याभरात हुसेनमियाँ कायमचे घरी गेले. जाण्याआधी त्यांनी कंपनीच्या साहेबांकडून परवानगी काढली आणि 'निकामी' यादीतून मला काढून आसावरीताईंच्या नावावर करून घेतले. दोन दुपारी बसून त्यांनी ताईंना फीत कशी बदलायची ते शिकवले. पहिल्या दिवशी ताईंच्या हातून तीन फिती फुकट गेल्या. दुसऱ्या दिवशी एक नीट बसली. "झालं," हुसेनमियाँ म्हणाले, "आता हा तुमच्या घरचा." विमानतळावर जाताना त्यांनी माझ्यासाठी स्वतः शिवलेली मऊ कापडाची एक थैली दिली, तोंड दोरीने आवळायची. तिच्यात मी आजही झोपतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना फार काही लागत नाही. कोरडी जागा, मऊ कापड, आणि अधूनमधून कुणीतरी येऊन 'कसा आहेस?' विचारणे. एखादी वस्तू बंद पडली की लगेच तिच्यावर चिठ्ठी चिकटवू नका. आधी ती उघडून पाहा. आणि ती उघडायची कशी हे ज्यांना येते ती माणसे अजून तुमच्या आसपास आहेत. ती आपापल्या गावी परतण्याआधी त्यांच्याजवळ बसा, त्यांचे हात कसे चालतात ते पाहा, चार फिती फुकट गेल्या तरी चालतील. असे शिकून घेतलेत तर तुमच्या घरात एक वस्तू वाचेल, आणि त्या माणसाची आयुष्यभराची मेहनतही तुमच्या बोटांत राहील.

आज नव्या मोसमाचा पहिला सामना आहे. आसावरीताईंनी या वर्षी वरची काचेची खोली नाकारली आणि फळीशेजारची जागा मागून घेतली. बर्फ स्वच्छ आहे, कॅमेऱ्यांना सगळे दिसते आहे, तरी शेजारची खुर्ची अरबी समालोचकांनी धरली आहे. पंच पक घेऊन मधोमध आले आहेत. माझी पट्टी ताईंच्या ओठाला टेकली आहे आणि त्यांनी आत्ताच खोल श्वास घेतला आहे.

आता मी गप्प बसतो. तुम्ही ऐका.